कार्डिनलला करडई आवडते

न्यू जर्सी, ओहायो, व्हर्जिनिया या भागात मुलांकडे हिवाळ्यात राहायला आलात, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लालभडक पक्षी हमखास दिसेल. आपल्या बुलबुलापेक्षा किंचित मोठा, तसाच तुरा, चोचीभोवती काळा मुखवटा. हा नॉर्दर्न कार्डिनल. इलिनॉय, ओहायो, व्हर्जिनियासह अमेरिकेतल्या 7 राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. थंडीत तो दक्षिणेला जात नाही, त्यामुळे बर्फातही भेटतो. मादी फिकट तपकिरी, पंखांवर आणि तुऱ्यावर लालीची छटा. मला तीच जास्त देखणी वाटते.

त्याला अंगणात बोलवायचं तर आधी दाणा. काळ्या सालीच्या सूर्यफुलाच्या बिया त्याला आवडतातच, पण खरी गंमत करडईची. हो, आपली सोलापूर-मराठवाड्यातली करडई! इथे ती 'सॅफ्लॉवर' म्हणून पक्ष्यांच्या दाण्यात विकतात. साल कठीण, पण कार्डिनलची जाड चोच ती सहज फोडते. खारींना आणि साळुंकीच्या जातीच्या स्टार्लिंगना करडई सहसा रुचत नाही, म्हणून दाणा कार्डिनलसाठी शिल्लक राहतो. स्वस्तातलं मिश्रण घेऊ नका. त्यात लाल ज्वारीसारखी भर असते, पक्षी ती खाली टाकतात आणि तिच्यावर उंदीर येतात. उरलेला भात, पोळीचे तुकडे, फरसाण बाहेर ठेवण्याची आपली सवयही इथे नको. मीठ-तेलाचं पक्ष्यांना बाधतं आणि उंदीर येतात ते वेगळेच.

बरेच जण चुकतात ते फीडर, म्हणजे दाणा ठेवायचं भांडं, निवडताना. उभ्या नळीच्या फीडरला काडीएवढ्या दांड्या असतात. फिंचसारख्या छोट्या पक्ष्यांना त्या पुरतात, पण कार्डिनलला समोर तोंड करून ऐसपैस बसायला लागतं. दांडीवर वळून खाणं त्याला जमत नाही, तो निघून जातो. त्याला जाळीच्या तळाचा रुंद ट्रे किंवा कडेला पट्टी असलेला घरासारखा फीडर द्या. जाळीतून पाणी निथळतं, दाणा कुजत नाही. ट्रे रुंद असण्याचा आणखी एक फायदा मार्चच्या सुमारास कळतो. नर बी सोलून चोचीने मादीला भरवतो, आणि त्यासाठी दोघांना शेजारी बसायला जागा लागते.

फीडर खांबावर लावा, जवळच्या झाडापासून 10 फूट दूर, म्हणजे खार उडी मारून पोचत नाही. खांबाला 4-5 फुटांवर शंकूच्या आकाराचं अडसर बसवा. झुडूप मात्र नजरेच्या टप्प्यात हवं, कार्डिनलला ससाण्यापासून लपायला आडोसा लागतो. खिडकीपासून अंतर 3 फुटांच्या आत किंवा 30 फुटांच्या पलीकडे. मधल्या अंतरावरून भरधाव उडालेला पक्षी काचेवर आपटून मरतो.

दर दोन आठवड्यांनी फीडर साबणाने घासा, मग 9 भाग पाणी आणि 1 भाग ब्लीच यात 10 मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय दाणा भरू नका. ओल्या दाण्यावर बुरशी धरते आणि घाणेरड्या ट्रेमधून साल्मोनेला हा रोगजंतू पसरतो. अस्वलांचा वावर असेल, तर वसंतापासून हिवाळा लागेपर्यंत फीडर काढूनच ठेवावा लागतो.

वसंतात नर खिडकीवर तासन्‌तास चोच मारताना दिसला तर घाबरू नका. काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटतं. काचेच्या बाहेरून कागद चिकटवला की थांबतो, आतून पडदा ओढून उपयोग होत नाही. ऑगस्टच्या सुमारास एखादा टकला दिसेल. पिसं झडून नवी येताना काहींच्या डोक्यावरची सगळी एकदम गळतात, काही आठवड्यांत परत येतात.

आणि वेळ सांभाळा. पहाटे सगळ्यांत आधी आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी येणारा हाच पक्षी. डिसेंबरात न्यू जर्सीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. चार वाजता ट्रेमध्ये मूठभर करडई टाका, दिवे न लावता खिडकीशी बसा. अंधारत्या झुडपातून 'चिप्, चिप्' असा टणक आवाज आला, की तो ट्रेकडे निघाला आहे.