मुरमाच्या उतारावर

परतवाड्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माउंटन बायकिंगला आलेल्या लोकांना मेळघाटच्या डोंगरात घेऊन जाणं, हेही माझंच काम. चढायला छाती लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. उतरणं शिकावं लागतं, हे मात्र उतारावर उभं राहिल्याशिवाय पटत नाही.

चैत्रात अमरावतीहून चौघं आले. त्यातले एक बँकेतले साहेब, पन्नाशीचे, डांबरी रस्त्यावर दिवसाला दोनशे किलोमीटर मारणारे. अमेरिकेत युटा राज्यातल्या शेफर ट्रेलचे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. कॅनियनलँड्सच्या वाळवंटी पठारावरून हा कच्चा रस्ता कड्याला चिकटून, नागमोडी वळणं घेत साडेचारशेएक मीटर खाली येतो. आधी ती गुरं नेण्याची वाट होती, १९५०च्या दशकात युरेनियमच्या ट्रकांसाठी रुंद केली गेली. "भाऊ, तसा उतार आपल्याकडे आहे का?" साहेबांनी विचारलं.

आहे. चिखलदऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच. तिथून वाघांच्या गाभा क्षेत्राबाहेर, वनविभागाला विचारून, आम्ही एका मुरमाच्या रस्त्याने खालच्या कोरकू गावाकडे निघतो. चैत्रात सागाला पान नसतं, त्यामुळे दरी तळापर्यंत उघडी दिसते. लालसर माती, काळा कातळ, मध्येच पळसाचा उरलासुरला केशरी झुपका आणि सकाळच्या हवेत मोहाचा गोड, जड वास. १८०३च्या डिसेंबरात गाविलगडाला वेढा घालायला इंग्रजांच्या फौजेने याच डोंगरांतून जड तोफा हातांनी ओढून नेल्या, रस्ताही आधी स्वतःच बनवत. त्या तोफा उतारावर धरून ठेवणाऱ्या माणसांच्या हातांचा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

निघण्याआधी मी चौघांच्या टायरमधली हवा कमी केली, सीट खाली घेतल्या. सांगितलं, की वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग मोडा, वळणात पुढचा ब्रेक सोडा, कंबर मागे न्या, पायडल आडवे ठेवा. आणि वेग आवरूनच चालवा, कारण मोहफुलांच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया कोणत्याही वळणावर समोर येतात.

साहेबांची बोटं मात्र ब्रेकवरून सुटेचनात. भीती माणसाच्या बोटांत बसते. मी सगळ्यांच्या मागे होतो. तिसऱ्या वळणानंतर जळका, कडवट वास आला. मी थांबायला ओरडणार, तेवढ्यात पुढून हाक आली, "भाऊ, ब्रेक लागून नाही राह्यला!" डावीकडे दरी होती.

"डोंगराकडे घाला! उजवीकडे, डोंगराकडे!"

त्यांनी ऐकलं. सायकल नालीत घुसली, मातीच्या दरडीला घासत थांबली आणि साहेब बाजूच्या गवतात पडले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. मी पोचलो तेव्हा त्यांचे दोन्ही हात थरथरत होते आणि मागच्या चाकाची डिस्क, म्हणजे ब्रेक जिला पकडतो ती लोखंडी चकती, हात जवळ नेता येणार नाही इतकी तापली होती. सोबतचा एक पोरगा बाटलीतलं पाणी ओतायला धावला, त्याला अडवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते. ब्रेक सतत दाबून ठेवला की उष्णता आतल्या तेलापर्यंत जाते, तेल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग लिव्हर थेट हँडलला टेकते आणि डिस्कला पकडणाऱ्या पॅडवर जोरच पोचत नाही. सायकल महागाची होती, तिच्यात दोष नव्हता.

जवळच एक घर होतं. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. एका कोरकू आजींनी काही न विचारता हंड्यातलं पाणी दिलं आणि साहेबांकडे पाहून म्हणाल्या, "बसा जी, घाई काहून करता?" ऊन चढेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. तिथून काळीपिवळी बोलावून साहेबांना घरी धाडणं सोपं होतं. पण ती भीती तशीच बोटांत घेऊन ते गेले असते, तर पुन्हा मातीवर आले नसते, असं मला ठामपणे वाटलं.

म्हणून माझी सायकल त्यांना दिली. तिच्या डिस्क मोठ्या, ब्रेक गार. त्यांची सायकल मी हाताने ढकलत शेजारी चालत राहिलो. "दाबा... आता सोडा. पूर्ण सोडा, साहेब." पहिल्या वळणावर सुटला नाही. दुसऱ्यावर अर्धा सुटला. गावाच्या वरच्या वळणावर त्यांनी आधीच वेग मोडला, बोटं उचलली, आणि सायकल वळणातून अशी आली की मागचं चाकही सरकलं नाही. मी रस्त्यातच ओरडलो, "वा, साहेब!"

दुकानात पॅड काढले तर काचेसारखे गुळगुळीत झाले होते. दोन्ही जोड्या बदलल्या, तेल नवं भरलं. चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. मुलीला यायचं होतं, तिला आधी कुठे शिकवणार, असं विचारत होते. दुकानामागच्या बरडावर, मी म्हटलं, सकाळी सहाला या.