गार पाणी आणि वजनकाटा

गेले तीन महिने मी रोज अंघोळीच्या शेवटी दीड मिनिट गार पाण्याखाली उभा राहतो. पहिली धार मानेवर पडली की श्वास आपोआप आत ओढला जातो, छातीत धडधडते, आणि श्वास सावकाश सोडत राहणे एवढेच त्या क्षणी आपल्या हाती असते. त्यानंतर येणारी तरतरी मला मनापासून आवडते. गार पाण्याच्या अंघोळीने वजन घटते असे सांगितले जाते, पण माझे वजन मात्र होते तेवढेच आहे.

थंडीत शरीर अधिक ऊर्जा जाळते, हे खरेच आहे. हुडहुडी भरली की स्नायू राबू लागतात. शिवाय मुख्यतः मानेच्या बुडाशी असणारी तपकिरी चरबी साठवणीतल्या ऊर्जेची थेट उष्णता करते. ही चरबी तान्ह्या बाळांतच महत्त्वाची असते असा समज होता, पण प्रौढांतही ती कार्यरत असते हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात गळ्यापर्यंत तासभर बसवलेल्या तरुणांचा चयापचयाचा वेग तिपटीहून अधिक वाढल्याचीही नोंद आहे. तो तास होता, आपले दीड मिनिट आहे. आणि एक किलो चरबी घटवायची तर सुमारे ७,७०० कॅलरी जाळाव्या लागतात. शिवाय थंड पाण्यातून बाहेर आल्यावर भूकही खवळते, आणि जळलेले सारे पुढच्या जेवणात सहज भरून निघते.

आरोग्याच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. नेदरलँड्समध्ये तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गरम अंघोळीनंतर ३० ते ९० सेकंद गार पाणी घेणाऱ्यांच्या कामावरील आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या. आजारपणाचे दिवस मात्र घटले नाहीत. माणसे आजारी पडत होती, पण तरीही कामावर जात होती, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. ३० आणि ९० सेकंदांच्या परिणामात तफावत आढळली नाही, म्हणून वेळ वाढवण्याची चढाओढ मला अनाठायी वाटते.

स्नायू वाढवण्यासाठी व्यायाम करणाऱ्यांनी व्यायामानंतर लगेच बर्फाच्या पाण्यात बसणे टाळावे, कारण त्याने स्नायूंची वाढ मंदावते. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये: पहिल्या मिनिटभरात रक्तदाब आणि नाडी एकदम उसळतात, आणि खोल पाण्यात त्याच वेळी नकळत घेतलेला श्वास पाणी फुप्फुसांत नेऊ शकतो.