आमची वाटचाल : लेथ, स्लीव्ह आणि धरून बसणारे ब्रेक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात १९८९ साली दोन भागीदारांनी हे काम सुरू केलं. भांडवल म्हणजे एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन आणि तीन दगडांचं स्प्रिंगवालं होन, म्हणजे सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करायचं हत्यार. ब्रेकचे मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा) आणि व्हील सिलिंडर (चाकातला) आतून बोअर करून त्यात स्लीव्ह, म्हणजे धातूची नवी नळी, बसवायची, जोडीला चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे ड्रम टर्न करायचे आणि ड्रमला आतून टेकणाऱ्या शूवर लायनर, म्हणजे घासणारा पट्टा, रिव्हेट करायचा, एवढाच धंदा. लेथ मामांकडे, म्हणजे थोरल्या भागीदारांकडे. कुर्ल्याची पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबॅसिडर चारी चाकांना ड्रम घेऊन धावत होती, तोवर कामाला तोटा नव्हता. त्या वर्षांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते २००९ च्या पावसाळ्याचं.

जून ते ऑगस्टमध्ये आमची स्लीव्ह बसवलेले पाच मास्टर सिलिंडर परत आले. पाचही अँबॅसिडरचे, तक्रारही पाचांची एकच. सकाळी गाडी मोकळी असते. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर पेडल वर येऊन कडक होतं, चारी ड्रम तापतात, लायनरचा जळका वास येतो. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की गाडी आपोआप सुटते. आमच्याच गल्लीतल्या एका स्लीव्हवाल्याने गॅरेज-गॅरेजला जाऊन सांगितलं, "यांच्या स्लीव्हला भोकच नसतं." महिन्याला साठ सिलिंडर येणाऱ्या दुकानात सप्टेंबरात अकरा आले. पोरांचे पगार मामांनी सोनं गहाण ठेवून दिले.

आरोप ज्या भोकाचा होता, ते समजून घ्यायला हवं. मास्टर सिलिंडरला ऑइलच्या टाकीकडून दोन भोकं येतात, एक मोठं आणि एक सुमारे ०.७ मिलिमीटरचं. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे येतो आणि मुख्य रबर कपची (पिस्टनवरच्या रबरी सीलची) ओठ या बारीक भोकाच्या जेमतेम मागे थांबते. ब्रेक तापले की ऑइल फुगतं आणि या भोकातूनच टाकीत परत जातं. भोक झाकलेलं राहिलं तर ऑइलला वाट नाही. मग शू ड्रमला टेकतात, टेकल्याने आणखी तापतात, तापल्याने ऑइल आणखी फुगतं. स्लीव्ह घालताना हे भोक बुजतंच. ते पुन्हा त्याच जागी पाडावं लागतं आणि आतली बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची धार, बारीक एमरीने काढून होन फिरवावं लागतं, नाहीतर पहिल्याच दिवशी कप कापला जातो. हे काम मामा स्वतःच करत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. पाचही सिलिंडरमध्ये बारीक तार घालून पाहिली. पाचही भोकं मोकळी होती.

दुसरा संशय पुशरॉडवर, म्हणजे पेडलकडून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यावर. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात साधारण १ मिलिमीटर मोकळीक लागते. अँबॅसिडरचा मास्टर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या खाली असतो. पेडलची बुश चिखलाने जाम झाली किंवा पेडलची स्प्रिंग ढिली पडली तरी पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तक्रार हुबेहूब हीच येते. तीन गाड्या आम्ही जाऊन पाहिल्या. मोकळीक होती, पेडलही परत येत होतं.

मग मामांनी परत आलेला एक कप आणि त्याच मापाचा नवा कप शेजारी-शेजारी ठेवला. जुना डोळ्यांनाच मोठा दिसत होता, बोटाला मऊ आणि चिकट लागत होता. व्हर्नियर लावला, नव्या कपापेक्षा व्यास दीड मिलिमीटरने जास्त. फुगलेली ओठ पुढे सरकून बारीक भोकावर बसत होती. नवा कप त्याच गाडीच्या टाकीतल्या ऑइलमध्ये बरणीत टाकून ठेवला, दुसरा सीलबंद डब्यातल्या ब्रेक ऑइलमध्ये. दुसऱ्या सकाळी पहिला फुगला होता, दुसरा जसाच्या तसा. पाचही गाड्या एकाच गॅरेजने जोडल्या होत्या, आणि तिथे पार्ट रॉकेलमध्ये धुऊन, ओलेच बसवत होते. ब्रेकचं रबर ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेलं असतं. रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांनी ते फुगतं. पार्ट धुवायचे ते स्पिरिटने किंवा ब्रेक ऑइलनेच. एकदा असं ऑइल लाइनमध्ये गेलं की मास्टरचं किट, सगळ्या व्हील सिलिंडरचे कप आणि सगळे होज (रबरी नळ्या) बदलावे लागतात, पाइप स्पिरिटने धुवावे लागतात. नुसता मास्टरचा कप बदलला तर तीन आठवड्यांत गाडी परत दारात.

आम्ही दोन्ही बरण्या घेऊन प्रत्येक गॅरेजला गेलो. गिऱ्हाईक परतायला दीड वर्ष लागलं. शेजाऱ्याने तो शब्द आजतागायत मागे घेतलेला नाही.

तेव्हापासून आमचा आग्रह एकच : आधी ब्रेक कुठे अडकलाय ते ठरवा, मग काहीही खोला. गाडी घोडीवर घ्या, हँडब्रेक सोडा, चाकं हाताने फिरवा. चारी जड असतील तर मास्टर आणि पुशरॉड पाहा. एकच जड असेल तर त्या चाकाची निपल, म्हणजे ऑइल-हवा काढायचा स्क्रू, अर्धा फेरा उघडा. ऑइलची चिळकांडी येऊन चाक सुटलं, तर दाब अडकलेला आहे. निपल बंद करा, पेडल दाबून सोडा, आता होजच्या अलीकडचा, धातूच्या पाइपाकडचा जोड ढिला करा. तिथे चाक सुटलं नाही आणि निपलला सुटतं, तर होज आतून सुजलाय. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, आतलं रबर मात्र झडपेसारखं वागतं, ऑइल जाऊ देतं पण परत येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर दोष ड्रमच्या आत आहे किंवा हँडब्रेकच्या केबलमध्ये.

केबलचं आम्हाला रत्नागिरीच्या एका डॉक्टरांनी शिकवलं. त्यांची अँबॅसिडर १९९२ पासून आमच्याकडे येते, दर वर्षी, आंबा घाट चढून. २००९ मध्येही ते आले आणि काही न विचारता दोन व्हील सिलिंडर देऊन गेले. त्यांच्या गाडीचं मागचं डावं चाक दर पावसाळ्यात धरायचं. आम्ही दोनदा सिलिंडर खोलला, स्वच्छ निघाला. तिसऱ्यांदा केबल सोडली आणि चाक फिरलं. आवरणात खारं पाणी जाऊन आतली तार गंजली होती, ओढली जायची पण परत सरकायची नाही. तशा केबलला ग्रीस मारून वेळ काढू नका, बदला. आणि शू झिजले म्हणून हँडब्रेकची केबल ताणू नका. आधी केबल ढिली ठेवून शू ॲडजस्ट करा : चाक लॉक होईपर्यंत आवळा, पेडल जोरात दाबून शू मध्यावर आणा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घ्या. केबल सगळ्यात शेवटी.

ड्रम उघडलाच आहे तर बॅकिंग प्लेटवरचे (ड्रमच्या मागच्या पत्र्यावरचे) शू टेकायचे उंचवटे बोटाने तपासा. तिथे खाच पडली की शूची कड अडकते आणि स्प्रिंग कितीही कडक असली तरी शू परत येत नाही. खाच वेल्डने भरून कानसीने सपाट करा, वर तांदळाच्या दाण्याएवढं ब्रेकचं ग्रीस लावा. निळी पडलेली किंवा वेटोळे उघडलेली स्प्रिंग फेकून द्या, बदलताना दोन्ही बाजूंची बदला. लायनरची धूळ कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसून घ्या. मामांना सत्तरीनंतर दम्याने गाठलं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर बदला. उभ्या गाडीचं आणखी वाईट. ओल सिलिंडरच्या तळाशी बसून खड्डे पाडते. होनने ०.१ मिलिमीटरच्या आत निघाले तर ठीक, त्यापुढे स्लीव्हच. पावसात हँडब्रेक ओढून गाडी महिनाभर ठेवू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा.

आता येणारे सिलिंडर बहुतेक जुन्या गाड्या जपणाऱ्यांचे असतात, पुण्याहून, गोव्याहून. सिलिंडर पाठवताना जुने कप फेकू नका आणि पुशरॉड सोबत पाठवा. कपाच्या ओठावरूनच आम्हाला कळतं की गाडीत कोणतं ऑइल होतं.