तुम्ही विचारलंत म्हणून: तो दांडा मोडत कसा नाही?

एनजीसी १३६५ या दीर्घिकेचं, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाचं, छायाचित्र दाखवलं, की हा प्रश्न हमखास येतो. दीर्घिका फिरते आहे, मग तिच्या मधोमध असलेला हा ताऱ्यांचा सरळ दांडा आजवर मोडला कसा नाही?

शंका रास्त आहे. केंद्राजवळचे तारे फेरी लवकर संपवतात, लांबचे उशिरा. तारे खरोखरच एका ओळीत उभे असते, तर ती ओळ केव्हाच गुंडाळली गेली असती. पण ते उभे नाहीतच. प्रत्येक तारा आपल्या लांबट कक्षेत धावतोय आणि अशा अब्जावधी कक्षा एकाच दिशेला ताणलेल्या आहेत. झोका टोकाला जाऊन जरा रेंगाळतो, तसे तारेही कक्षेच्या टोकांशी मंदावतात. आपल्याला दिसते ती या सगळ्यांची मिळून झालेली आकृती. ती सावकाश फिरते. तिच्या आतले तारे त्याहून भरभर.

वायूचं मात्र तसं नाही, आणि मला खरी गोडी तिथेच आहे. तारे एकमेकांच्या शेजारून सुखरूप निघून जातात. वायूचे ढग एकमेकांवर आदळतात. आदळले की त्यांचा फिरण्याचा जोर कमी होतो आणि ते केंद्राकडे घसरतात. छायाचित्रात दांड्याच्या कडेने धुळीच्या काळ्या रेघा दिसतात ना, तीच ही वाट. ती संपते तिथे नवे तारे जन्मताहेत आणि अगदी आत सुमारे २० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. ते प्रचंड वेगाने स्वतःभोवती फिरतं, हे २०१३ मध्ये क्ष-किरणांवरून मोजलं गेलं.

ही दीर्घिका दक्षिण आकाशात, फॉरनॅक्स म्हणजे भट्टी या तारकासमूहात आहे. अंतर सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षं. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिच्यात एक अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन झळाळणारा तारा, दिसला. आधीच्या छायाचित्रांत त्या जागी काहीच नव्हतं, आणि तो स्फोट मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच होऊन गेलेला!

हीच दीर्घिका का, असंही विचारता. आपल्या आकाशगंगेतही असाच दांडा आहे. आपण त्याच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेच्या चपट्या तबकडीच्या आतच बसलोय, त्यामुळे तो वरून कधीच बघता येणार नाही. तो कसा दिसत असेल याचा विचार मनात आला, की मी हिचं छायाचित्र काढून बसतो.