बारा दिवस सांदवाडीत

सकाळी न्हाणीतल्या नळाची तोटी फिरेना. बिघाड तोटीत नव्हता, बोटांत होता. उजव्या हाताची बोटं सुजून हळकुंडासारखी झालेली. ना मूठ वळत, ना बोट सरळ होत. शेवटी दोन मनगटांच्या मध्ये तोटी धरली, सगळं अंग वळवलं, तेव्हा कुठं पाणी आलं. बंद करायला मात्र मायला हाक मारावी लागली. माझं वय ५१, तिचं ७८. तिनं दोन बोटांनी तोटी फिरवली आणि काही न बोलता निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

ताप चढला तो सोयाबीन सोंगायच्या आदल्या रात्री. चार एकरांचं वावर पिवळं पडून, पानं झडून, नुसत्या शेंगांवर उभं होतं. बारा बाया एकरी ठेक्यानं ठरवलेल्या, हडंबेवाल्याला, म्हणजे मळणीयंत्रवाल्याला, सांगून ठेवलेलं. सोयाबीन वाळलं की कोणाच्या तापासाठी थांबत नाही. ऊन तापलं की शेंग तडकते आणि दाणा जमिनीच्या भेगेत जातो. रात्रभर मी थंडीनं खाट हलवत होतो आणि डोक्यात ताडपत्र्यांचा हिशेब चालू. पहाटे हिनं डबा बांधला, खुंटीवरचा माझा इळा काढला आणि म्हणाली, "तुम्ही पडा. मी पाहते." लग्नाला २६ वर्षं झाली. तिचा इळा वेगळा, माझा वेगळा. माझा तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नेला.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं मोटारसायकलवर मागं बसवून तालुक्याला नेलं. वाटेतला एकेक गतिरोधक मी गुडघ्यांनी मोजला. डॉक्टरांना म्हटलं, दुखणं मारायची एक सुई द्या, वावरात जायचंय. ते देईनात. आधी रक्त पाहू म्हणाले. डेंग्यू निघाला तर त्या दुखण्याच्या औषधांनी रक्तस्राव वाढायची भीती असते, तोवर साधी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. रक्तात निघाला चिकनगुनिया. त्यावर खास असं औषध नाही. ताप आठवड्याच्या आत उतरेल, सांधे मात्र काही आठवडे घेतील, कुणाकुणाचे महिनेही घेतात, एवढं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

हे नाव कुठून आलं ते मी खाटेवर पडल्या पडल्या मोबाइलवर वाचलं. १९५२ मध्ये आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात हा ताप पहिल्यांदा नोंदला गेला, आणि तिथल्या माकोंडे भाषेतला तो शब्द. अर्थ साधारण असा, की वाकवून टाकणारा. आपल्याकडं १९७३ मध्ये बार्शीला मोठी साथ आली होती, मग तीसेक वर्षं हा गप्प होता. २००६ मध्ये परत आला तो मात्र मला चांगला आठवतो. मी तिशीतला, सुटलो. बाबा सापडले. त्या पोळ्याला त्यांना बैलाच्या शिंगाला बेगड लावता आलं नाही. मी लावलं आणि त्यांनी खाटेवरून माझ्या चुका काढल्या. तेव्हा मनात म्हटलं होतं, बोटं तर दुखतात, त्यात एवढं काय! आता कळलं, एवढं काय ते.

ताप उतरला चौथ्या दिवशी, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. तापात माणूस पडून तरी राहतो. ताप गेला की डोकं कामाला लागतं आणि हातपाय लागत नाहीत. खाटेवर अर्धा तास पडलो की पाठ भरते, उठलो की घोटे ओरडतात. म्हणून मी हिंडू लागलो. हिंडणं म्हणजे किती, तर छपरीतून आंगणात, आंगणातून गोठ्यावरून मागं सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, आणि तिथं लिंबाखाली टाकलेल्या बाजेवर बसकण. पन्नास पावलं. त्याला मला पाव तास लागायचा.

सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात माझं घर कसं असतं, हे मला माहीतच नव्हतं. पावसाच्या झडीत घरी असतो, पण तेव्हा सगळेच असतात. हे रिकामं, उन्हाचं घर मी पाहिलं नव्हतं. अकराच्या सुमारास शेजारची कोंबडी आमच्या गव्हाणीत येऊन अंडं घालते आणि बोंबलत घरी जाते. ते अंडं माय उचलते. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही. बारा वाजता न्हाणीचं सांडपाणी केळीच्या आळ्यात पोचतं आणि तिथं चिमण्यांची आंघोळ होते. आणि दुपारभर माय बोलत असते. कोणाशी? गाईशी. "तुह्या मालकाले ताप आला वं, आज ढेप नाही, कुटारच खाय." मग थोडं थांबते. गाय कान हलवते. त्याला उत्तर समजून पुढचं वाक्य. मी लिंबाखाली आहे हे तिला ठाऊक असतं, पण ते बोलणं माझ्याशी नसतं. एकदा मी मधेच "हं" म्हणालो, तर तिनं वळून असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

वेळ तिला पायरीवरच्या सावलीवरून कळते. पूर्वी शकुंतलेच्या शिट्टीवरून कळायची. यवतमाळ-दारव्हा-मूर्तिजापूर ही आमची छोट्या रुळांची गाडी. रूळ अजून गवतात आहेत, गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली. सावली शिट्टीपेक्षा बरी, म्हणते, उशीर करत नाही.

खाण्यापिण्याचा कारभारही तिच्याकडंच. सकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक, रात्री मुगाच्या वरणाचा मऊ भात. अंबाडी सांदवाडीत कमरेएवढी झालेली, मला ती समोर दिसते, तेल-लसणाची फोडणी नाकात येते, पण आंबट म्हणून बंदी. संध्याकाळी नाल्यावरून निरगुडीचा पाला यायचा, तव्यावर गरम करून गुडघ्यांना बांधला जायचा. त्यानं फरक पडला का? ऊब बरी वाटायची, इतकंच सांगतो. तिच्यासमोर मात्र खूप फरक पडला असंच म्हणालो.

हाताला काम नसलं की डोळ्याला लागतं. गोठ्याच्या टिनांवर मायनं कोहळ्याचा वेल चढवलाय. फुलांनी भरलेला, फळ एक नाही. रोज सकाळी ती वर पाहायची आणि वेलाला शिव्या द्यायची. मी त्याच वेलाखालून वर्षानुवर्षं बैल सोडत आलो, कधी फुलाकडं नीट पाहिलं नव्हतं. आता बाजेवरून तासभर पाहिलं. बहुतेक फुलं लांब, बारीक देठावर. ती नर. आधी तीच येतात, भरमसाट. मादी फुलाच्या मागं देठाला चिकटून गोटीएवढं हिरवं कोहळं असतंच, ते परागानं धरलं तर वाढतं, नाहीतर पिवळं होऊन गळतं. खाली पाहिलं, तर अशा पिवळ्या गोट्या पडलेल्या. म्हणजे मादी फुलं येत होती, मधमाशी येत नव्हती. सभोवती कपाशीवर फवारण्या चालू आहेत, त्यामुळं असेल.

हे फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. म्हणून सहाव्या दिवशी उजाडताच गेलो. नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या. बोटं वळत नव्हती, तेव्हा तर्जनी आणि मधलं बोट चिमट्यासारखं करून त्यात ती पिवळी दांडी धरली आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवली. या कामाला मूठ लागत नाही, हे बरं. टिनांच्या कडेला हाताशी येतील अशी तीनच फुलं होती.

"काय करून रायला बे तिथं?"

मी सांगितलं.

"फुलाइचं लगन लावतो का?" माय हसता हसता ओट्यावर बसली. "पोराइचे लावून झाले, आता हे रायले होते!" मग उठून स्वतःच चौथं फूल दाखवायला आली. ते टिनांच्या वर होतं, दोघांच्याही हाताबाहेर.

बाजेवर बसून दुसरी एक गोष्ट कळली, ती इतकी गोड नाही. दुपारी चारनंतर मला घोट्यांना डास चावायचे. दिवसाउजेडी. पायांवर पांढरे पट्टे असलेले, काळे, गुपचूप येणारे. चिकनगुनिया आणि डेंग्यू पसरवणारा तो हाच, एडिस. रात्रीचा नाही, दिवसाचा. आणि गटाराचाही नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्याचा. आता इथं मला जरा ओशाळायला होतं, कारण श्रावणात मी ग्रामसभेत उभा राहून गल्लीतल्या नालीवर चांगली दहा मिनिटं बोललो होतो. डास, ताप, पोराबाळांचं आरोग्य, सगळं काढलं होतं. नाली घाण आहे ते खरंच. पण हा डास तिचा नव्हता. हा उडतोही फार लांब नाही, जिथं जन्मतो त्या घराच्या आसपासच फिरतो. मग माझ्या घोट्याला चावणारा जन्मला कुठं?

बाजेपासून आठ हातांवर, खिडकीला लावलेला आमचा कूलर. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. मार्चमध्ये बसवायचा, पाऊस लागला की वायर काढायची, ताडपत्री टाकायची. आतलं पाणी काढायचं ते 'येत्या रविवारी'. जूनपासूनचे सगळे रविवार माझ्याकडं शिल्लक होते. ताडपत्रीला भोक, तिथून पाऊस आत. मी बाजूची ताटी ओढली तर दोन-तीन डास तोंडावरूनच उडाले. तळाशी वीतभर पाणी, काचेसारखं नितळ, आणि त्यात वळवळ. शेकड्यांनी अळ्या, डोकं खाली, शेपूट वर करून पाण्याच्या पातळीला टांगलेल्या. माझी सावली पडली तशा सगळ्या एकदम तळाला. सावली हटवली, पुन्हा वर. मी हे चार-पाचदा करून पाहिलं. राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, पाहतच राहिलो.

गावातल्या आरोग्यसेविका, आशाताई, जुलैत घरी आल्या होत्या. बॅटरी मारून रांजण पाहिला, गाईचं टाकं पाहिलं आणि जाताना म्हणाल्या, "दादा, कूलर तेवढा रिकामा करा." मी म्हणालो, हो हो, रविवारी.

टाकीच्या बुडाला पाणी सोडायचं बूच असतं. ते फिरवायला गेलो आणि सकाळच्या नळाची आठवण झाली. पकड आणली, पकडीचे दांडे दाबता येईनात. पायानं टाकी कलती करावी, तर गुडघा नाही म्हणाला. आठवडाभरात अळीचा डास होतो, आणि मी त्या अळ्यांसमोर हातात पकड घेऊन बसलेला. शेवटी शाळा सुटल्यावर शेजारचं पोट्टं चेंडू शोधत आलं. "बूच काढतो का रे?" त्यानं एका झटक्यात काढलं. वर विचारलं, "काका, हे तुमाले नाही निंगत?"

पाणी झेंडूच्या वाफ्यात सोडलं. दसऱ्याला फुलं लागतातच, आणि कोरड्या मातीत अळी जगत नाही. पण नुसतं पाणी सोडून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या वरच्या अंगाला, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. पुढच्या मार्चमध्ये मी हौसेनं पाणी भरलं असतं की पुन्हा तेच. म्हणून त्याच पोट्ट्याकडून विटेचा तुकडा आणि काथ्या घेऊन पत्रा घासून घेतला. मजुरी दोन पेरू. मग दोघांनी सांदवाडीची झडती घेतली. फुटका माठ, ट्रॅक्टरचा जुना टायर, रंगाचा डबा, पाखरांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं. टायरात सगळ्यात जास्त. गाईचं टाकं रिकामं करणं शक्य नाही, म्हणून पुतण्यानं आरोग्य केंद्रातून पिशवीभर गप्पी मासे आणून सोडले. गाय पहिल्या दिवशी पाणी प्यायला तयार नव्हती.

संध्याकाळी ही आली, डोक्याला कुटाराचा भुसा, आवाज बसलेला. चार एकरांत २३ कट्टे. मागच्या सालापेक्षा दोन कमी, पण पावसाच्या आधी घरात आलं. मग मी माझा हिशेब दिला: कूलर, टायर, अळ्या. तिनं पाय धुता धुता ऐकलं.

"मी जूनमध्येच म्हटलं होतं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

आज बारावा दिवस. नळ फिरतो, शर्टाची वरची गुंडी अजून लागत नाही. लग्न लावलेल्या तीन फुलांपैकी दोन पिवळी होऊन गळली. तिसरं कोहळं मात्र आता लिंबाएवढं झालंय, लुकलुकीत हिरवं. सकाळी मायला दाखवायला नेलं आणि हात वर केला, तर तिनं माझं मनगटच धरलं.

"बोट नोको दाखवू त्याले, सडते थे!"

मी हात पुढं केला. तिनं त्या बोटाकडं पाहिलं. ते कोहळ्याकडं नव्हतंच, मधेच वाकून गोठ्याच्या दाराकडं गेलेलं होतं.

"मंग चालते," ती म्हणाली.