चार सिस्टिमचा संसार: इन्स्टॉल झालं, आता वाटण्या

मागच्या नोंदीपर्यंत या डेस्कटॉपवर विंडोज ११ आणि डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) गुण्यागोविंदाने नांदत होते. आता त्यांच्या जोडीला फ्रीबीएसडी आणि हायकू या आणखी दोन ऑपरेटिंग सिस्टिम आल्यात, आणि चारही व्यवस्थित बूट होतात. एसएसडी घेताना नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानदाराने तोंडावरच विचारलं होतं, "भाऊ, एका मशीनवर चार-चार कायले लावून राहिले? व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा ना!" (व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका सिस्टिमच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन.) नुसतं कामच उरकायचं असेल तर त्याचं खरंच आहे. पण हायकू खऱ्या हार्डवेअरवर उठताना पाहावी. पडद्यावरची चिन्हं एकेक करून उजळत जातात आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत डेस्कटॉप समोर असतो. व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत ती मजा नाही.

इन्स्टॉल करणं आजकाल फार अवघड राहिलेलं नाही. डोकं खातात त्या चौघांत मिळून एकच असलेल्या गोष्टी: ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा डिस्कवरचा कप्पा, म्हणजेच ईएसपी), मदरबोर्डचं घड्याळ, डेटाची जागा आणि ब्लूटूथ. म्हणून ही नोंद मुख्यतः त्यांचीच.

आधी डिस्क. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, म्हणजे सिस्टिमच्या हिशेबाने ९३१ जीबी. पार्टिशनची नोंद जीपीटी या नव्या पद्धतीची असल्यामुळे जुन्या एमबीआर पद्धतीतली चार प्रायमरी पार्टिशनची कटकट नाही. जीपीटीत साधारणपणे १२८ नोंदींची सोय असते. विंडोजच्या इन्स्टॉलरला कोरी डिस्क दिली की तो ईएसपी साधारण १०० एमबीचीच करतो, आणि चार जणांना ती पुढेमागे अपुरी पडणार. त्यामुळे लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनाने आधीच एक जीबीची ईएसपी काढून ठेवली. विंडोजने ती निमूट वापरली. पुढे विंडोजला २००, डेबियनला १५०, फ्रीबीएसडीला ६०, हायकूला २० जीबी, आणि उरलेलं सगळं डेटाला. हायकूला २० म्हणजे चैनच आहे.

फ्रीबीएसडीबद्दल एकच सावधगिरी. इन्स्टॉलरमधला झेडएफएस या फाइल सिस्टिमचा (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचा) आपोआप मार्ग अख्खी डिस्क मागतो, त्यामुळे बहुबूटवाल्यांनी तिकडे फिरकू नये. मी मोकळ्या जागेत यूएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम घेतली. हायकूचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मात्र हाताने ठेवावा लागतो: यूएसबीवरची ईएफआय फाइल उचलायची आणि ईएसपीमध्ये हायकू नावाचं फोल्डर करून त्यात टाकायची. संपलं.

कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या मेन्यूसाठी ग्रब हा प्रोग्राम सोडून रेफाइंडकडे आलो. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधणारा भाग) मुळातच बंद असतो. तो चालू केला तरी नवी सिस्टिम आली की डेबियनमध्ये जाऊन मेन्यू पुन्हा बनवा, हे आलंच. रेफाइंड दर वेळी सुरू होताना ईएसपी स्वतः चाळतो. हायकूची फाइल टाकून रीस्टार्ट केलं तर तिचं चिन्ह मेन्यूत हजर होतं.

आता सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच लोडर चालू देणारी मदरबोर्डच्या फर्मवेअरची सोय. फ्रीबीएसडी आणि हायकूचे लोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचे नसल्याने ते बंद ठेवावं लागलं. विंडोज ११ ला मशीनमध्ये ती सोय असावी लागते, पण बंद असली तरी ते चालतं. बंद करण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) तात्पुरता थांबवा, नाहीतर पुढच्या बूटला ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतो. उन्हाळ्याच्या सुटीत भाचा आला आणि त्याचा गेम सिक्युअर बूटशिवाय सुरूच होईना. "मामा, हे काय करून ठेवलं!" तो असेपर्यंत फर्मवेअरमध्ये जाऊन ते चालू करायचं आणि तो झोपला की बंद, असा कार्यक्रम होता. लोडरवर स्वतःची सही करून कायमचा बंदोबस्त होतो, पण ते काम सध्या पुढच्या यादीत.

सगळ्यात जास्त रमलो ते घड्याळात. रात्रीचे साडेदहा झालेत, डेबियन बंद करून विंडोज उघडलं, तर कोपऱ्यात संध्याकाळचे पाच! बरोब्बर साडेपाच तासांचा फरक दिसला की समजायचं, मदरबोर्डची बॅटरी गेलेली नाही. लिनक्स त्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, तर विंडोज तिथला आकडा स्थानिक वेळ म्हणून वाचतं. लिनक्समध्ये नेटवरून वेळ जुळलेली असली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) दर ११ मिनिटांनी तीच यूटीसी वेळ घड्याळात पुन्हा लिहितो, म्हणून विंडोजमध्ये वेळ हाताने दुरुस्त करून काही साधत नाही.

स्थानिक वेळ ठेवण्यावर मुख्य आक्षेप असतो तो उन्हाळी वेळेचा, म्हणजे वर्षातून दोनदा काटे हलवणाऱ्या देशांचा. आपल्याकडे ती भानगड नाही, त्यामुळे भारतात दोन्हीपैकी कोणतीही पद्धत चालते. अट एवढीच की चौघांनी एकच धरावी. (नागपूरचा स्वतःचा सूर्य प्रमाणवेळेच्या चौदाएक मिनिटं मागेच चालतो, पण त्याची दखल कोणतीच सिस्टिम घेत नाही.) मी यूटीसी निवडली, कारण बहुतेक लिनक्स लाइव्ह यूएसबी तेच गृहीत धरतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या साठ्यात) टाइमझोन इन्फर्मेशनखाली 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' हे मूल्य १ केलं. फ्रीबीएसडीलाही यूटीसीच ठेवली, आणि हायकूच्या टाइम प्रेफरन्समध्ये त्यासाठी सरळ दोन पर्याय आहेत. तेव्हापासून चारही एकच वेळ दाखवताहेत.

डेटाच्या पार्टिशनसाठी एक्सफॅट ही फाइल सिस्टिम चौघांनाही वाचता येईल, म्हणून मोह होतो. पण त्यात जर्नलिंग नाही, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवून मध्येच लाईट गेली तर सावरण्याची सोय नाही. मे महिन्यात घरोघरी कूलर सुरू झाले की दुपारी लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, त्यात वळवाचा पाऊस आला तर बघायलाच नको. यूपीएस आहे, तरी मी विंडोजचं जर्नलिंगवालं एनटीएफएसच घेतलं. विंडोज आणि डेबियनला लिहायची मुभा, बाकी दोघांना फक्त वाचायची. त्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करणं आवश्यकच. ते चालू असलं की 'शट डाउन' म्हटल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं (आपली स्थिती डिस्कवर जपून झोपतं), आणि डेबियन ते पार्टिशन लिहिण्यासाठी उघडायला नकार देतं. गंमत म्हणजे 'रीस्टार्ट'मध्ये असं होत नाही, त्यामुळे अडचण कधी येते, कधी नाही, आणि माणूस चक्रावतो. मी हायबरनेटच मुळापासून बंद केलं.

जाता जाता कूलरबद्दल: त्याचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. वाळ्याच्या ताटीतून आलेली ओलसर हवा आणि उन्हाळ्यातली धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर जो लेप बसतो, तो ब्रशने निघत नाही.

ब्लूटूथ हेडफोनचं दुखणं असं, की प्रत्येक सिस्टिम जोडणी करताना नवी की (गुप्त संकेत) ठरवते, पण हेडफोनला समोर तोच एक अडॅप्टर दिसतो. म्हणून डेबियनमध्ये जोडला की विंडोजमधली जोडणी मोडते. उपाय क्रमाने करायचा: आधी डेबियनमध्ये जोडा, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतली की काढून डेबियनच्या ब्लूटूथ फोल्डरमधल्या इन्फो फाइलीत टाका. डेबियनमधली ब्लूटूथची सेवा रीस्टार्ट केली की दोन्हीकडे हेडफोन आपणहून जोडला जातो.

पुढचं काम फ्रीबीएसडीला हाताने पार्टिशन करून झेडएफएसवर न्यायचं. त्याआधी पार्टिशन टेबलची प्रत आणि ईएसपीची पूर्ण नक्कल पेनड्राइव्हवर घेतली आहे. हायकूमध्ये माझ्या ग्राफिक्स कार्डाला थ्रीडी वेग मिळत नाही, साध्या फ्रेमबफरवरच (कार्डाच्या वेगाशिवाय चित्र काढणं) चालतंय. कोणत्या कार्डावर याहून बरं चालतं ते कोणी सांगितलं तर बर्डीवर पुन्हा चक्कर मारायला माझी ना नाही.