वेव्हर्ली पार्कची पंधरा मीटर

लेकीचं घर मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत आहे. तिथून गाडीनं थोडं पुढे गेलं की वेव्हर्ली पार्क. जुलैची थंडी, त्यात बारीक पाऊस. नातू गाडीतून उतरायला तयार होईना. "आजी, इथे काय बघायचंय? नुसती घरं तर आहेत!"

घरं आहेत खरी. एके काळी इथे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल बघायला सत्तर हजारांवर माणसं बसायची. पुढे स्टँड पाडून वसाहत उभी राहिली. पण अंडाकृती मैदान राखलं आणि एक जुना स्टँडही. दोन्ही टोकांना चार-चार पांढरे खांब. मधल्या दोन खांबांतून लाथाडलेला चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एकच.

मी आले होते ते जिम स्टाइन्ससाठी. डब्लिनचा हा उंच मुलगा आयर्लंडचा गेलिक फुटबॉल खेळायचा. मेलबर्न क्लबनं आयर्लंडमधून पोरं आणून त्यांना आपला खेळ शिकवायचं ठरवलं, तेव्हा 1984 मध्ये तो आला. तोवर गोल चेंडूची सवय, आणि इथला चेंडू लांबट, टप्पा पडला की कुठेही उडणारा. आधी प्रॅहरान या दुसऱ्या क्लबकडून खेळून तो शिकला, मग 1987 मध्ये मुख्य संघात आला.

त्याच वर्षी मेलबर्न संघ 1964 नंतर पहिल्यांदा बाद फेरीत पोचला होता. उपांत्य सामना याच मैदानावर, हॉथॉर्नशी. शेवटच्या क्षणी मेलबर्न चार गुणांनी पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फ्री किक मिळाली, पण खांब पन्नास मीटरच्या पलीकडे. अशा वेळी किक मारणाऱ्याच्या समोरून कुणी आडवं पळायचं नसतं. स्टाइन्स पळाला. पंचांनी बकेनाराला पंधरा मीटर पुढे आणलं, भोंगा वाजून गेल्यावर त्यानं गोल मारला आणि मेलबर्न दोन गुणांनी हरलं.

मी शाळेत खो-खो खेळायचे. पाठलागाच्या भरात मधली पाटी ओलांडली जायची, शिट्टी वाजायची, आणि सगळ्या मुली माझ्याकडे बघायच्या. तो क्षण पोटात अजून कळतो. इथे तर अख्खं शहर बघत होतं, आणि हा एकवीस वर्षांचा, घरापासून हजारो मैल लांब.

बाजूच्या ओल्या गवतावर मी पंधरा मीटर चालून पाहिले. माझी बावीस पावलं. नातू आता उतरून माझ्याबरोबर मोजत होता.

मला या माणसाचं मोठेपण वाटतं ते याच्या पुढचं. तो आयर्लंडला पळून गेला नाही. 1998 पर्यंत सलग 244 सामने खेळला, एकही न चुकवता. हा विक्रम 2025 पर्यंत त्याचाच होता. दुखणी अंगावर काढून मैदानात उतरायचा. 1991 मध्ये हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळवलं. अजिंक्यपद मात्र कधीच लाभलं नाही. 1988 च्या अंतिम सामन्यात पुन्हा हॉथॉर्ननंच 96 गुणांनी हरवलं.

खेळत असतानाच, 1994 मध्ये, त्यानं मित्राबरोबर तरुण मुलांसाठी 'रीच' ही संस्था काढली. 2008 मध्ये कर्जात बुडालेल्या आपल्या क्लबचं अध्यक्षपद घेतलं. पुढच्याच वर्षी कॅन्सर निघाला. उपचार चालू असताना तो पैसे उभे करत राहिला आणि 2010 मध्ये क्लब कर्जमुक्त झाला. 20 मार्च 2012 ला तो गेला, वय पंचेचाळीस. मेलबर्ननं पुढचं अजिंक्यपद जिंकलं ते 2021 मध्ये.

रविवारी आम्ही एमसीजीला, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला गेलो. बाहेर त्याचा पुतळा आहे. आपल्याकडची मंडळी शेन वॉर्नच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात, आम्हीही काढला. पण मी जास्त वेळ उभी राहिले ती स्टाइन्सपाशी.

मग यारा नदीच्या काठानं डॉकलंड्सच्या दिशेनं चालत निघालो. एका मोठ्या पुलाच्या पोटाखालून, पाण्यालगत, पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांचा एक पूल वळत जातो. त्याला स्टाइन्सचं नाव दिलंय. वर गाड्यांची घरघर, खाली हिरवट-तपकिरी पाणी. नातू माझा हात सोडून पुढे गेला आणि पावलं मोजायला लागला. बाविसाव्या पावलावर थांबला, मागे वळून म्हणाला, "आजी, एवढंच होतं ना गं?"